बाबगोंडाचा पाय

बोरगावच्या बाबगोंडाची गाडी निपाणीच्या अलीकडच्या ओढ्यात उतरताना कलंडली. गाडीत तंबाखूचे बोद, गच्च भरलेली मोठाली पोती, उंच रचलेले होते. उतारावर बैल बुजले, आणि कासरा ओढून धरणारा बाबगोंडा खाली पडला तो नेमका चाकापुढं. चाक डाव्या नडगीवरून गेलं. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांनी त्याला उचलून आपल्या गाडीत घातलं आणि निपाणीच्या धर्मादाय दवाखान्यात आणून सोडलं.

हा दवाखाना आण्णाप्पाशेट नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं आईच्या नावानं बांधलेला. एक लांबट कौलारू वॉर्ड, त्याला लागून ऑपरेशनची खोली, डॉक्टर सुकुमार मगदूम, आणि हाताखाली शिकलेली नर्स एकच, मनुबाई.

मनुबाई खानापूरकडची. लग्न होऊन सासरी रुळायच्या आतच नवरा तापानं गेला. भावानं गावाचं बोलणं अंगावर घेऊन तिला मिरजेला नर्सिंग शिकायला धाडलं. आता तिशी उलटली होती. सासर नाही, मूल नाही, माहेरी जायचं ते पाहुण्यासारखं. दवाखान्यात मात्र आले-गेले सगळे तिला ‘आक्का’ म्हणत. ती हाक कानावर आली की तिला आपण कुणाच्या तरी घरातले आहोत असं वाटे.

डॉक्टरांनी बाबगोंडाला क्लोरोफॉर्म देऊन हाड बसवलं आणि मांडीपासून पावलापर्यंत प्लॅस्टर घातलं. बोटं तेवढी उघडी ठेवली. हात धुता धुता ते म्हणाले, “मनुबाई, सूज अजून चढंल. बोटं बघत जा. रंग, ऊब, हलतात का ते.”

“व्हय,” मनुबाई म्हणाली. हे तिला सांगायची गरज नव्हती. शिकताना पहिल्या महिन्यात हेच घोकून घेतलं होतं.

बाबगोंडा जैन शेतकरी. अंगानं दणकट, बोलायला मऊ. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल, तर बैलांना लागलं का. दुसरं विचारलं ते दिवस मावळला का. मावळतीनंतर तो जेवत नसे. डॉक्टरांची संध्याकाळची फेरी नेमकी त्याच वेळी असायची, आणि फेरी होईपर्यंत घरच्या माणसांना आत सोडायचं नाही असा नियम होता. मनुबाईनं तो त्याच्यापुरता मोडला. अंगणात चूल मांडून बसलेल्या त्याच्या बायकोला, चंदनाला, ती उन्हं असतानाच आत घेई. त्याच्या तांब्यातलं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून ठेवी. उशी सरळ करी, घाम पुशी, बैल कुठं बांधलेत ते चौकशी करून सांगे.

चंदना कानडी मुलखातली, मराठी तोडकंमोडकं बोलायची. ती मनुबाईचे हात धरून म्हणाली, “आक्का, नमगं... आमाला बहीण न्हाय. तुम्हीच बहीण.”

मनुबाई त्या दिवशी वॉर्डात जरा हलक्या पावलांनी फिरली.

पलीकडच्या खाटेवर भावकू होता. हिंडलग्याचा म्हातारा गवंडी. विहिरीच्या बांधकामावर आलेला, तिथंच वरून पडून त्याचा हात मोडला होता. त्याची जीभ मात्र शाबूत. पाणी कोमट आहे, गोधडीला वास येतो, पट्टी काचते, पट्टी सैल झाली, कंदिलाचा उजेड डोळ्यावर येतो. दिवसातून कितीदा तरी तो ओरडायचा. त्याचं तोंड बंद करायचं म्हणून मनुबाई प्रत्येक वेळी त्याचा हात नीट उलटून-पालटून बघे. एकदा खरंच पट्टी काचत होती. तिनं ती सोडून पुन्हा बांधली, आणि भावकू म्हणाला, “आता कसं! आदीच ऐकलं असतंस तर?”

बाबगोंडाची खाट त्याच्या शेजारीच. तिथं थांबल्यावर तिला बरं वाटे.

“कसं हाय आण्णा?”

“झ्याक हाय आक्का. तुमी असताना काय कमी?”

ती हसून पुढं जाई. पहिले दोन दिवस तिनं बोटं दाबून बघितली होती. गरम होती, हलत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नुसती नजर टाकली. त्याच्या तोंडावर हसू होतं, आणि तिनं ते हसूच खरं मानलं.

त्याच दिवशी दुपारी आण्णाप्पाशेट दवाखाना बघायला येणार होते. बरोबर बेळगावचे दोन बडे पाहुणे. सकाळपासून धावपळ उडाली. फरशी धुतली, कंदिलाच्या काचा पुसल्या, धुतलेल्या पांढऱ्या चादरी काढल्या. मनुबाई आणि वॉर्डातली आया बाळाबाई दोघी खाटा आवरत होत्या.

बाबगोंडाच्या खाटेशी आल्यावर मनुबाईला त्याचा पाय दिसला. प्लॅस्टरचे वाळलेले ओघळ, औषधाचे पिवळे डाग, ओढ्यातल्या चिखलाची नखांत राहिलेली घाण. धुवायला वेळ नव्हता. तिनं धुतलेली चादर घेतली आणि पायावरून पार खालपर्यंत ओढून नीट खोचली.

“बाई,” भावकू म्हणाला, “त्येच्या पायाकडं बघ जरा. रातभर दात खात हुता.”

“तो तर काय बोलला न्हाय.”

“त्यो न्हाय बोलनार. त्यो भला मानूस हाय. म्हनून मी बोलतोय.”

“भावकूमामा, आज शेट येनार हायेत. आजच्या दिवस गप बसा.” तिचा आवाज चढला. “सकाळपास्नं तुमचं हेच चाललंय.”

भावकू गप्प बसला. बाबगोंडानं छताकडं बघत एकदाच ओठ दाबले. ते तिनं पाहिलं. पाहिलं आणि पुढच्या खाटेकडं गेली.

आण्णाप्पाशेट आले. पाहुण्यांना एकेक खाट दाखवत, “इथं सेवा कशी मिळते? काय तक्रार?” असं विचारत फिरले. भावकूनं नुसती मान हलवली. बाबगोंडापाशी आल्यावर तो उठायला बघू लागला. शेटनी हातानंच थांबवलं.

“माज्या आईनं केलं नसतं येवढं ह्यांनी केलं,” बाबगोंडा म्हणाला. बोलताना त्याच्या कपाळावर घाम होता. “वेळेवर जेवन, गाळून पानी... ह्या आक्कामुळं मला दवाखान्यात हाय असं वाटत न्हाय.”

पाहुणे कौतुकानं मनुबाईकडं वळले. शेट डॉक्टरांना म्हणाले, “हिचा सत्कार करायचा. दवाखान्याच्या वाढदिवसाला, सगळ्यांसमोर लुगडं-चोळी.” मनुबाईनं खाली बघितलं. तिला लाज वाटली, आणि आनंद त्याहून जास्त झाला. पांढऱ्या चादरीखाली काय चाललं होतं ते त्या घोळक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं ते फक्त तिला.

पाहुण्यांच्या मागं आवरासावर झाली. डॉक्टर शेटबरोबर गेले, त्यामुळं संध्याकाळची फेरी झालीच नाही. त्या संध्याकाळी तिनं बाबगोंडाला चंदनाच्या हातचं जेवण वेळेवर मिळेल याची काळजी घेतली. त्यानं दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. “भूक न्हाय आक्का,” म्हणाला. तिला वाटलं, गर्दीनं दमला असेल. चादर काढायचं तिच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खाटेवरची चादर काढली.

बोटं काळीनिळी पडली होती. तिनं अंगठा दाबला. दगडासारखा गार लागला. नखावर दाबलेली जागा पांढरी झाली ती तशीच राहिली.

“बोटं हलवा आण्णा.”

बाबगोंडानं पायाकडं बघितलं. “हलत न्हाईत. कालच दुपारी बधिर झाल्ती.”

“मग बोलला का न्हाईसा?”

“सांगनारच हुतो. पर तुमी सकाळपास्नं पळत हुता. त्यात शेट आल्यालं. म्हटलं, चार लोकांत तुमचं नाव खराब व्हायला नगं. येवढं करताय माझ्यासाठी, आनि मी आनि कुठं कुरकुर करू?”

ती डॉक्टरांकडं धावत गेली. डॉक्टरांनी कात्रीनं प्लॅस्टर वरपासून खालपर्यंत चिरलं. आतला पाय सुजून तट्ट फुगला होता. ऊन फडक्यांनी शेकलं, पाय उशीवर ठेवला, वाट बघितली. बोटांत रंग आला नाही. काळेपणा घोट्याकडं सरकला, अंगात ताप भरला. शेवटी डॉक्टरांनी चंदनाला बाहेर बोलावून सांगितलं, की पाय ठेवला तर माणूस जाईल.

गुडघ्याखाली पाय कापला तेव्हा मनुबाई डॉक्टरांसमोर हत्यारं देत उभी होती. तिचा हात चुकला नाही. बाहेर आल्यावर ती मोरीत जाऊन बसली, आणि बाळाबाईनं दोनदा हाका मारल्या तरी उठली नाही.

बाबगोंडा वाचला. आणि खरा त्रास तिथून सुरू झाला.

चंदना तिच्या पाया पडायला वाकली. मनुबाई मागं सरकली. “आक्का, तुम्ही होता म्हणून जीव वाचला,” चंदना म्हणत होती. “पाय जाऊ दे. कुंकू राहिलं.” ती रोज काहीतरी करून आणू लागली, कधी गुळाची पोळी, कधी शेंगदाण्याची चटणी. मनुबाई ते बाळाबाईला देऊन टाकी.

बोरगावचे लोक बाबगोंडाला बघायला येत. तो प्रत्येकाला खाटेवर बसवून सांगे, “ही आमची आक्का. सख्ख्या बहिनीनं केलं नसतं.” आलेले लोक तिला नमस्कार करत. एक म्हातारा म्हणाला, “आमच्या गावात कुणाला काय झालं तर हितंच आनू बाई, तुमच्याच हाताखाली.” मनुबाई ट्रे उचलून बाहेर गेली.

ती डॉक्टरांकडं गेली. “सायब, मी बघितलं न्हाय. भावकूनं सांगिटलं हुतं तरी बघितलं न्हाय. चादर घालून झाकलं.”

“सूज असताना मीही पुरं प्लॅस्टर घातलं,” डॉक्टर म्हणाले. “फळ्या बांधून चार दिवस थांबायला पाहिजे होतं. आणि चाकाखाली चेंदलेला पाय. वेळेवर बघितला असता तरी राहिला असता असं कोण सांगणार?”

“राहिलाबी असता.”

“राहिलाही असता,” डॉक्टर म्हणाले. “पण आता तुम्ही हे बाहेर बोललात तर काय होईल? या मुलखात मोडलेलं हाड घेऊन लोक अजून आधी वैदूकडं जातात. कुठं आत्ता इथं यायला लागलेत. तुमच्या एका बोलण्यानं ते पुन्हा फिरतील, आणि त्यात कितीक मरतील. मन मोकळं करायचं तर देवापुढं करा.”

डॉक्टरांचं खोटं नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त जड झालं. ती गप्प राहिली. रोज बाबगोंडाची जखम धुवायची, पट्टी बांधायची, आणि रोज तो म्हणायचा, “आक्का, तुमच्या हाताला दुखतच न्हाय बघा.” तिला वाटे, दुखू दे. एकदा तरी ओरड म्हणावं.

भावकूचा हात जुळला. घरी जायच्या दिवशी त्यानं बोचकं बांधलं, बाबगोंडाला रामराम घातला आणि दारात मनुबाईपाशी थांबला. पाय कापल्यापासून तो एकदाही कुरकुरला नव्हता. तेच तिला सोसवत नव्हतं.

“मी कुनाला काय बोललो न्हाय,” तो म्हणाला. “बोलनारबी न्हाय. तू वाईट न्हाईस, मला ठावं हाय. पर रोज त्येच्याकडनं आक्का म्हनून घेतीस, आनि त्यो भोळा रोज म्हनतोय... त्येवढं बघवंना मला. बरं झालं, आज चाललो.”

तो सडकेकडं चालू लागला. मनुबाई दाराला धरून उभी राहिली. मग ती सरळ वॉर्डात परतली.

चंदना नवऱ्याला भाकरी-आमटी कालवून देत होती. मनुबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

“आण्णा, मला तुमास्नी सांगायचं हाय. चंदनाताई, तुमीबी ऐका.” तिनं खाटेची दांडी धरली. “तुमचा पाय माझ्यामुळं गेला. रोज बोटं बघायची, हे माझं काम हुतं. त्या दिवशी मी बघितली न्हाईत. शेट येनार म्हणून चादर घालून झाकली. वेळेत कळलं असतं तर प्लॅस्टर कापता आलं असतं. पाय कदाचित वाचला असता.”

बाबगोंडा समजुतीच्या सुरात म्हणाला, “असू दे आक्का. तुमास्नी कुठं ठावं हुतं? मीच बोललो न्हाय.”

इथं थांबता आलं असतं. त्यानंच वाट करून दिली होती.

“ठावं हुतं,” ती म्हणाली. “भावकूनं मला सांगिटलं हुतं. त्येच्या पायाकडं बघ म्हणून. तुमी त्या वक्ताला झोपला नव्हता, तुमीबी ऐकलं आसंल. मी त्येलाच दटावलं.”

“ऐकलं हुतं,” बाबगोंडा सावकाश म्हणाला. “मला वाटलं, तुमी बघून गेला आसाल. मला कळलं नसंल.”

“न्हाय. बघितलं न्हाय.”

चंदनाच्या हातातला घास ताटात पडला. तिला सगळे शब्द कळले नसावेत, पण नवऱ्याचा चेहरा कळला. तिनं कानडीत काहीतरी विचारलं. बाबगोंडानं कानडीतच उत्तर दिलं, दोनच वाक्यांत. चंदनानं मनुबाईकडं बघितलं. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. ताट उचललं आणि बाहेर अंगणात निघून गेली.

“बाई,” बाबगोंडा म्हणाला. आक्का म्हणाला नाही. “उद्यापास्नं पट्टी दुसऱ्या कुनाला तरी बांधायला सांगा.”

दुसऱ्या दिवसापासून बाळाबाई पट्टी बांधू लागली. मनुबाई लांबून बघे. बाळाबाई मनाची चांगली, पण तिला जखम धुणं ठाऊक नव्हतं. चिकटलेलं फडकं ती ओढून काढी. बाबगोंडा दात खाई. थोड्याच दिवसांत जखमेला वास यायला लागला आणि पुन्हा ताप चढला. मग त्यानंच बाळाबाईकरवी निरोप धाडला.

मनुबाई कोमट पाणी घेऊन गेली. फडकं भिजवून भिजवून सोडवलं.

“दुखतंय,” तो म्हणाला.

ती थांबली. पुन्हा पाणी घातलं.

“अजून दुखतंय. हळू करा की!”

“करते.”

“पट्टी घट्ट झाली. सोडा.”

तिनं सोडली, पुन्हा बांधली. “आता?”

“आता खालनं काचतीया.”

तिनं तिसऱ्यांदा बांधली. तो तिच्याकडं न बघता भिंतीकडं तोंड करून पडला होता. पट्टी खरंच काचत होती की नाही, हे तिनं स्वतःलासुद्धा विचारलं नाही. पुढं रोज हेच झालं. पाणी कोमट नाही, उशी टोचते, डॉक्टर कधी येणार. जखम भरत गेली. लोक भेटायला आले की तो आता नुसतं पिकापाण्याचं बोले.

दवाखान्याच्या वाढदिवसाला मनुबाईनं लुगडं घेतलं नाही. तिनं आण्णाप्पाशेटना कारण सांगितलं, डॉक्टर शेजारी उभे असताना. शेटचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “हे इथंच राहू दे.” लुगडं बाळाबाईला दिलं. बाळाबाई ते नेसून दिवसभर वॉर्डात मिरवली, आणि संध्याकाळी मनुबाईला म्हणाली, “बाई, ह्ये तुमचं हुतं न्हवं?”

“न्हाय गं. तुझंच.”

सुगी सरत आली तेव्हा बाबगोंडा कुबड्यांवर बाहेर पडला. गाडीत बसवताना मनुबाईनं हात पुढं केला. त्यानं तो धरला, कारण दुसरं काही धरण्याजोगं नव्हतं. वर बसल्यावर सोडला.

“येतो,” एवढंच म्हणाला.

पावसाळ्यानंतर बोरगावचा एक माणूस दवाखान्यात आला. त्याच्याकडून तिला कळलं, की बाबगोंडानं सुताराकडून लाकडी पाय करून घेतलाय, पण तो लावला की उरलेल्या पायाच्या खुंटाला जखम होते, आणि दवाखान्यात चल म्हटलं तर तो नको म्हणतो. रविवारी मनुबाईनं पिशवीत फडकी, औषध आणि कापूस भरला आणि प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं बोरगाव गाठलं.

बाबगोंडा घराच्या पुढच्या सोप्यात बसून तंबाखूची पानं निवडत होता. तिला बघून त्याचे हात थांबले.

“जखम झालीया म्हणं,” ती म्हणाली. “बघू?”

त्यानं धोतर गुडघ्यावर घेतलं. खुंटाच्या टोकाला कातडी सोलून लाल झाली होती. तिनं जमिनीवर बसकण मारली, धुतलं, चारी बाजूंनी दाबून बघितलं. लाकडी पायाच्या आत कुठं कंगोरा आहे ते बोट घालून शोधलं आणि तिथं कापसाची गादी करून बसवली.

“एक इचारू?” तो म्हणाला. “बोटं दुखत्यात. नसलेली. आंगठा तर लई. ह्ये कसं?”

“होतं असं. खोटं न्हाय ते.”

“घरात कुनी खरं धरत न्हाय.”

“खरं हाय,” ती म्हणाली. “मी मिरजेत बघितलंय. कधी दुखतं, किती येळ, मला सांगत चला.”

तो सांगू लागला. पहाटे कसं दुखतं, थंडीत कसं चमकतं, कसं वाटतं की कुणी प्लॅस्टर आवळतंय. ती मान खाली घालून ऐकत होती. मध्येच त्याचा आवाज चढला, “त्या दिवशी बघितलं असतं तर!” आणि मग तो एकदम थांबला. तिनं कापसाची गादी पुन्हा एकदा दाबून बघितली.

चंदना आतल्या दारात उभी होती. ती पुढं आली नाही, बसा म्हणाली नाही, पाण्याचा तांब्या आणला नाही. मनुबाई उठली, पदर सारखा केला.

“फुडल्या रविवारी येते. गादी बदलाय लागंल.”

“तुमची मर्जी,” बाबगोंडा म्हणाला, आणि पानं निवडायला लागला.

ती पुढल्या रविवारी गेली. त्याच्या पुढच्याही. चंदना त्या घरात तिच्याशी कधी बोलली नाही.